अंगावरचं सोलर: ऊन पकडायचं कसं आणि साठवायचं कुठे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझ्या मामाची मुलुंडला पेपरची लाइन आहे. पहाटे चारला फूटपाथवर बसून पुरवण्या भरायच्या आणि साडेचारला सायकल काढायची, ते साडेआठपर्यंत बिल्डिंगा संपवून घरी. दोन वर्षांपूर्वी अंधारात मागून एक टेम्पो त्याच्या हँडलला घासून गेला, थोडक्यात वाचला, आणि तेव्हापासून मी त्याच्यासाठी पाठीवर लाल दिवे लुकलुकणारं जाकीट बनवतेय जे उन्हावर चार्ज होतं. ते बघून शेजारी, कॉलेजची मुलं, ओळखीचे लोक सगळे तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

ऊन पकडणं आणि साठवणं एकत्र का करायचं? नुसतं पॅनल लावलं तर नाही का चालणार?

नाही चालणार, कारण ऊन असतं तेव्हा गरज नसते आणि गरज असते तेव्हा ऊन नसतं. मामाला दिवे पाहिजेत पहाटे, सूर्य वर येईस्तोवर त्याची अर्धी लाइन झालेली असते. म्हणजे आज दुपारी जमा केलेलं उद्या पहाटे खर्च करायचं. अंगावरच्या कुठल्याही वस्तूचं हेच आहे, माणूस सावलीत शिरतो, लोकलमध्ये चढतो, बाही खाली ओढतो, की पॅनल बंद. त्यामुळे पॅनल, मधलं चार्जिंग सर्किट आणि साठा हे तिन्ही एकमेकांच्या मापाचे लागतात. बहुतेक जण सगळं लक्ष आणि सगळे पैसे पॅनलवर घालतात आणि बाकीचे दोन जे मिळेल ते लावतात, बिघडतं ते तिथेच.

टोपीवर पॅनल लावून मोबाइल चार्ज होईल का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. हिशोब करून बघू. भर दुपारचं कडक ऊन म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० मिलिवॉट. टोपीवर ५ बाय ५ सेंटिमीटरचं चांगलं सिलिकॉन पॅनल बसवलं तर २५ चौरस सेंटिमीटर, त्यातलं २० टक्के विजेत बदललं तर अर्धा वॉट. मोबाइलची ५००० एमएएचची (मिलिअँप-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. मधली गळती धरून पन्नासेक तास कडक ऊन लागेल, म्हणजे रोज पाच तास आझाद मैदानात उभे राहिलात तरी दहा दिवस. तेव्हा मोबाइल विसरा.

मग नक्की काय चालतं यावर?

आधी खर्च मोजायचा, पॅनल नंतर. साधं काट्याचं क्वार्ट्‌झ घड्याळ काही मायक्रोवॉटवर चालतं, म्हणून तर सिटिझननं १९७६ मध्येच उजेडावर चालणारं काट्याचं घड्याळ आणलं आणि आजही त्यांची इको-ड्राइव्ह घड्याळं मनगटावर वर्षानुवर्षं चालतात. फिटनेस बँडचा हिशोब बघा, १८० एमएएचची बॅटरी दोन आठवडे पुरत असेल तर सरासरी खर्च २ मिलिवॉट, म्हणजे रोज थोडं खरं ऊन मिळालं तर जमण्यासारखं. मोठ्या रंगीत स्क्रीनचं स्मार्टवॉच जे दीड दिवसात संपतं त्याचा खर्च ३० मिलिवॉटच्या आसपास, ते मनगटाएवढ्या पॅनलवर पूर्ण चालणार नाही.

गार्मिननं २०१९ मध्ये फिनिक्स ६एक्स या घड्याळाच्या काचेतच सोलर दिलं. छान काम आहे, पण बारीक अक्षरं वाचा, त्यात रोज तीन तास ५०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड धरलेला असतो. ठाण्याहून फास्ट पकडून फोर्टात ऑफिस गाठणाऱ्या माणसाला सोमवार ते शुक्रवार मिळून तरी तेवढं ऊन लागतं का हे स्वतःच मोजा. शेतावर, बोटीवर, साइटवर काम करणाऱ्याला मात्र खरोखर फायदा होतो.

माझ्या जाकिटाचा खर्च सांगते. सहा लाल एलईडी, प्रत्येकी ५ मिलिअँप, म्हणजे ३० मिलिअँप, पण ते सतत पेटत नाहीत, दहातला एक भाग वेळ पेटतात, म्हणून सरासरी ३ मिलिअँप. चार तासांचे झाले १२ एमएएच. रोजचे एवढेच १२! हा आकडा हातात आला आणि पुढचं सगळं सोपं झालं. दिवे सतत पेटते ठेवले असते तर १२० लागले असते, आणि लुकलुकणारा दिवा टेम्पोवाल्याला उलट लवकर दिसतो.

ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली चार्ज होतं का?

होतं, पण किती ते ऐका. बाहेर उन्हात लाखभर लक्स असतात, ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे, लोकलच्या डब्यात गर्दीत त्याहून कमी. आपल्या डोळ्याला हा फरक कळत नाही कारण डोळा उजेडाशी जुळवून घेतो, पॅनलला मात्र बरोबर कळतो. घरातल्या उजेडासाठी अमॉर्फस सिलिकॉन लागतं, कॅल्क्युलेटरवर चॉकलेटी पट्टी असते ना, तेच. पॅनासॉनिकच्या एएम-१८१५ या पॅनलचं माप साधारण ६ बाय ५ सेंटिमीटर आणि २०० लक्सला ते ३ व्होल्टवर ४२ मायक्रोअँप देतं, म्हणजे जेमतेम ०.१३ मिलिवॉट. तापमान मोजून दर काही मिनिटांनी ब्लूटूथवर एक आकडा पाठवणाऱ्या सेन्सरला हे पुरतं. दिव्याला नाही पुरत.

पॅनल अंगावर कुठे लावायचं? छातीवर, पाठीवर, मनगटावर?

खांद्यावर. मुंबई १९ अक्षांशावर आहे, १५ मेच्या आसपास आणि परत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आपला शून्य सावलीचा दिवस असतो, भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, त्या वेळी उभ्या माणसाच्या छातीला आणि पाठीला थेट ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळं टाळूवर आणि खांद्यांवर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा पाठीवरचं पॅनलही बरं काम करतं, पण मग तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून चालताय यावर सगळं अवलंबून.

दुसरी गोष्ट सावली. पॅनलमधला एकेक सेल अर्धाच व्होल्ट देतो म्हणून १२ सेल एकापुढे एक जोडून ६ व्होल्ट करतात, आणि अशा माळेत एका सेलवर जरी पूर्ण सावली पडली तरी सगळ्या माळेचा करंट तेवढाच पडतो, पाइपलाइनमध्ये एके ठिकाणी बोळा अडकावा तसं. मी हे मामाच्या खांद्यावर बघितलंय, पेपरच्या पिशवीचा दोन बोटं रुंद पट्टा पॅनलवर आडवा आला आणि मीटरवर ८० मिलिअँपचे ५ झाले. ओढणी, सॅकचा पट्टा, लांब केस, सगळ्याचं हेच. पट्टा ज्या खांद्यावर येत नाही त्या खांद्यावर पॅनल शिवा.

आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त चार्जिंग जाकीट अंगावर नसताना होतं. मामा साडेआठला घरी येतो, जाकीट गॅलरीतल्या दांडीवर पालथं टाकतो, खांदा उन्हाकडे, आणि झोपतो. तेवढंच. अंगावरची वस्तू चोवीस तास अंगावर नसते हे डिझाइन करताना कुणी धरत नाही.

मधलं सर्किट कुठलं घ्यायचं? लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सगळे टीपी ४०५६ देतात.

देतात कारण ते स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतं. तो निळा छोटा बोर्ड मुळात यूएसबीच्या ५ व्होल्टवर लिथियम बॅटरी चार्ज करायला बनलाय, सोलरसाठी नाही, पण छोट्या कामाला चालतो, दोन गोष्टी सांभाळल्या तर. एक, बोर्डावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो ज्यामुळे तो १ अँपपर्यंत ओढायला बघतो. एवढा करंट ना तुमचं पॅनल देणार ना छोटी बॅटरी झेलणार, तो काढून १० किलोओहमचा लावा म्हणजे १३० मिलिअँपवर थांबतो. दोन, बॅटरी संरक्षणवाला बोर्ड घ्या, ज्यावर बॅटरीच्या दोन आणि आउटपुटच्या दोन वेगळ्या जागा असतात, बिनसंरक्षणाचा घेऊन बॅटरी पार पिळून काढली तर ती परत उठत नाही.

थोडे जास्त पैसे असतील तर सीएन ३०६५ बघा, पॅनल जेवढा करंट देऊ शकतं तेवढाच तो घेतो. आणि घरातल्या उजेडावर काम करायचं असेल तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू २५५७० ही चिप, ती अगदी कमी व्होल्टेज वर चढवून बॅटरीत घालते, दर १६ सेकंदांनी पॅनल क्षणभर मोकळं सोडून त्याचं व्होल्टेज बघते आणि मग त्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास पॅनल धरून ठेवते कारण तिथेच सर्वात जास्त पॉवर मिळते. हाताने सोल्डर करायला बारीक आहे, तयार बोर्ड घ्या.

पॅनल घेताना एक करा. मल्टिमीटर बरोबर न्या आणि दुकानाच्या बाहेर फूटपाथवर उन्हात येऊन दोन वायरींमध्ये सरळ करंट मोजा. छापलेला आकडा १०० असेल आणि कडक उन्हात मीटर ६० दाखवत असेल तर दुसरं मागा. चांगले दुकानदार स्वतः बाहेर येऊन दाखवतात.

बॅटरी घ्यायची का सुपरकॅपॅसिटर?

सुपरकॅपॅसिटर म्हणजे बॅटरीसारखीच वीज साठवणारा छोटा भाग, तो लाखो वेळा भरतो आणि रिकामा होतो, पटकन भरतो. लिथियम बॅटरी काहीशे पूर्ण फेऱ्यांनंतर थकायला लागते. ऐकून वाटतं सुपरकॅपॅसिटरच घ्यावा. पण साठा बघा: १ फॅरडचा (फॅरड हे कॅपॅसिटरच्या साठ्याचं माप) २.७ व्होल्टचा कॅपॅसिटर पूर्ण भरून १.८ व्होल्टपर्यंत वापरला तर मिळतात २ ज्यूल. तीन-चार ग्रॅमची १०० एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी देते १३०० ज्यूलहून जास्त. शिवाय कॅपॅसिटर आपला आपण गळत राहतो, चार दिवस ऊन नसेल तर बराचसा साठा नुसता ठेवून गेलेला असतो.

म्हणून रोज नक्की उजेड मिळणार असेल आणि खर्च बारीक असेल तर सुपरकॅपॅसिटर, मधे दिवस कोरडे जाणार असतील तर लिथियम. मुंबईत जून ते सप्टेंबर आहे हे लक्षात ठेवा. दोन्ही मिळूनही लावतात, ब्लूटूथसारखा रेडिओ चालू होताना करंटचा जो क्षणिक झटका लागतो तो कॅपॅसिटर देतो आणि बॅटरी शांतपणे मागे उभी असते.

घड्याळाचा बटण सेल लावून चार्ज केला तर?

कृपा करून नको! सीआर २०३२ चार्ज करायचा नसतोच, तो गरम होऊन फुटू शकतो. दिसायला तसाच एलआयआर २०३२ येतो तो चार्ज होतो, पण त्यात साधारण ४० एमएएचच असतात. नाव नीट वाचा. आणि घरात लहान मूल असेल तर बटण सेलचा डबा स्क्रूने बंद होणारा घ्या, गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते.

बॅटरी फुगली! का?

माझीही फुगली होती, पहिल्याच मे महिन्यात. मामाचा फोन आला, "अगं, जाकिटाच्या आत काहीतरी टम्म झालंय, उशीसारखं." मी लगेच सांगितलं हात लावू नकोस, गॅलरीतच राहू दे. संध्याकाळी जाऊन शिवण उसवली तर चांदीच्या पाकिटासारखी बॅटरी दोन्ही बाजूंनी गोल झालेली आणि पाठीमागचा फोम उष्णतेने चिकट.

चूक माझी होती. जागा वाचवायला मी बॅटरी पॅनलच्या अगदी पाठीला शिवली होती. आता पॅनल म्हणजे उन्हात ठेवलेली काळी पाटी, ८० टक्के ऊन त्याच्यात उष्णताच होतं, हवा ३४ अंश असली तरी पाठ ६० च्या पुढे सहज जाते, आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. टीपी ४०५६ च्या चिपला तापमान बघायचा एक पाय असतो खरा, पण बाजारातल्या त्या निळ्या बोर्डावर तो सरळ ग्राउंडला जोडून टाकलेला असतो, म्हणजे बॅटरी कितीही तापली तरी बोर्ड आपला चार्ज करत राहतो. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं, ती बॅटरी मामाच्या पाठीवर असताना पेटली असती तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता बॅटरी आतल्या खिशात खाली कमरेजवळ असते, पॅनलपासून दीड फूट लांब, मधे नुसती वायर. कापड सुती आणि फिकट. आणि बॅटरीला थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा रेझिस्टर, चिकटवलाय, चाळिशी ओलांडली की चार्जिंग तोडतो. दुपारचे दोन तास बऱ्याचदा चार्जिंग बंदच असतं, काही बिघडत नाही, सकाळच्या उन्हात १२ एमएएच कधीच भरून झालेले असतात.

फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, परत चार्ज करायची नाही. टोकांना टेप लावून वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात अजिबात नको, कचरागाडीत दाबली गेली की आग लागते. २०२२ पासून देशात बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, परत घेऊन विल्हेवाट लावायची जबाबदारी त्यात उत्पादकांवर टाकलीय.

पावसाळ्यात काय करायचं?

लोक समजतात ढग आले की संपलं. तसं नाही. दाट ढगातही दहावा हिस्सा उजेड येतो, १०० मिलिअँपचं पॅनल १० देतं, आणि मला रोजचे १२ एमएएच हवेत म्हणजे दीडेक तास झाला. अडचण वेगळीच आहे, पावसाळ्यात गॅलरीला प्लॅस्टिक लागतं, जाकीट आत दोरीवर जातं आणि पॅनलला ट्यूबलाइटशिवाय काही दिसत नाही. म्हणून साठा मोठा ठेवला, ५०० एमएएच. त्यातले ४०० वापरायचे धरले तरी एकही किरण न पडता महिनाभर निघतो. गेल्या जुलैत सलग नऊ दिवस जाकीट दिवसा घरातच होतं, दहाव्या दिवशी मी मीटर लावला तर ३.८६ व्होल्ट, म्हणजे बॅटरीत अजून बराच साठा.

घाम आणि धुणं?

मुंबईचा घाम हा उन्हाहून मोठा शत्रू आहे. मीठ आणि ओलावा, त्यात बॅटरीचा करंट, की तांब्याच्या टोकाला हिरवं बुरशीसारखं चढतं आणि वायर आतून तुटते, वरून प्लॅस्टिक शाबूत दिसतं. टोकं उघडी ठेवू नका, सोल्डर केल्यावर सिलिकॉन लावा, वायर सिलिकॉन आवरणाची बारीक तारांची घ्या म्हणजे वाकून मोडत नाही. पॅनल, बॅटरी आणि सर्किट टिचबटणांनी निघतील असंच शिवा. जाकीट धुवायचं, सर्किट नाही. मामी दर रविवारी तीन टिचबटणं काढते, जाकीट बालदीत, बाकी सगळं फ्रिजवर.

कापडच पॅनल आणि कापडच बॅटरी असं काही येणार का?

लॅबमध्ये झालंय. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाच्या टीमने तांब्याची पातळ रिबन केली, तिच्या एका बाजूला सोलर सेल आणि दुसऱ्या बाजूला साठवणारा थर, आणि अशा रिबनी मागावर विणून कापड केलं. म्हणजे पकडणं आणि साठवणं एकाच धाग्यात. मला हे फार आवडतं, कारण पैठणी विणणाऱ्याला जर हा धागा दिला तर तो काय काय करेल असं मनात येतं. पण दुकानातून तो धागा आणून जाकीट शिवता येईल ती वेळ अजून आलेली नाही.

पेरोव्हस्काइटबद्दलही विचारतात. सोलर सेलसाठीचा हा नवा पदार्थ, २००९ मध्ये जपानमध्ये उन्हाच्या ३.८ टक्के विजेत बदलण्यापासून सुरू झालेला, आता छोट्या सेलमध्ये २५ टक्क्यांच्या पुढे गेलाय, पातळ आणि लवचीक बनतो, कमी उजेडातही चांगला. पण ओलाव्याने खराब होतो आणि बहुतेकांत शिसं असतं, त्यामुळे अंगावर घालायच्या वस्तूत, तेही मुंबईच्या हवेत, मला अजून धीर होत नाही. आपल्या पवईत आयआयटीमध्ये २०१० पासून सोलर सेलच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. मुलांना यात पुढे शिकायचं असेल तर लांब जायला नको.

बाजारात आलेल्या गोष्टींत हेडफोन आहेत, स्वीडनच्या एक्सेजर कंपनीचा सोलर पट्टा डोक्यावरच्या दांडीत घातलेले, २०२१ पासून. हेडफोनचा खर्च कमी आणि दांडी कायम आभाळाकडे, म्हणून ते जमलं.

मुलाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी सोपं काय देऊ?

लिथियम नको. ५.५ व्होल्टचा १ फॅरड सुपरकॅपॅसिटर, मोकळ्या वायरींवर (काही न जोडता) ५ व्होल्टच्या आत राहणारं छोटं पॅनल, एक डायोड म्हणजे रात्री उलटं गळणार नाही, एक लाल एलईडी, तिला १ किलोओहमचा रेझिस्टर, आणि एक बटण. मनगटाच्या पट्ट्यावर वेल्क्रोने लावा. गच्चीवर उन्हात काही मिनिटांत भरतो आणि अंधारात अर्धा-पाऊण तास मंद होत होत पेटतो. माझ्या भाचीने तो पट्टा पांघरुणात नेला आणि घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी वहीत लिहीत बसली, किती उजेड उरला, शून्य ते दहा. ती वही मी जपून ठेवलीय, कारण व्होल्टेज उतरतं तसा उजेड आधी झपकन आणि मग हळूहळू कसा कमी होत जातो ते तिने पेन्सिलने बरोबर काढलंय.